जीआर सव्वानऊच्या गाडीनं येतो

आमच्या गावात शिक्षण खातं सव्वानऊच्या गाडीनं येतं. तालुक्याहून गाडी आली की आधी जिल्हा परिषद शाळेचे सर आणि बाई उतरतात, मग आम्ही हायस्कूलवाले चढतो. त्यांना गावात यायचं असतं, आम्हाला गावातून जायचं असतं आणि गाडी एकच. ती कुठे पंक्चर होऊन बसली किंवा लग्नसराईत दुसरीकडे वळवली गेली, की एकाच झटक्यात दोन शाळांचे पहिले तास बुडतात. टीव्हीवर मोठ्या अक्षरात 'शैक्षणिक धोरण' असं झळकलं की मला आधी ही गाडी आठवते, मग बाकीचं.

मी दहावीत आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं. नाव सांगून फायदा नाही, फाट्यावरची पाटी वादळात पडली ती पुन्हा कोणी उभी केली नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून बाजाराच्या गावी जायचं, नऊ किलोमीटर. हा नऊचा आकडा मुद्दाम सांगते आहे. मानव विकासच्या योजनेत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळी बस असते. पलीकडच्या रस्त्यानं ती निळी बस धावते, आमच्या रस्त्याला नाही. म्हणजे सायकलीसाठी आम्ही लांबच्या आणि निळ्या बससाठी आडरस्त्याच्या. यात मला कोणाचा डाव वगैरे दिसत नाही. कोणीतरी नकाशावर कंपास टेकवून गोल काढला असेल आणि आमचं गाव रेघेच्या बाहेर पडलं असेल.

पास मात्र मोफत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. शेजारचा नववीतला पोरगा यावरून माझ्याशी रोज भांडतो. "तुमाले फुकट अन् आमाले पैसे, हे कोन्तं समान शिक्षन व?" आधी मी त्याला उडवून लावायची. मुलींच्या पासाला पैसे लागले असते तर आमच्या गल्लीतल्या किती पोरी आठवीत पोचल्या असत्या, ते मला ठाऊक आहे. पण त्याचंही खोटं नाही. शाळा सुरू होते तेव्हाच पेरणी असते. घरातला होता नव्हता पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो आणि नेमका तेव्हाच पास काढायचा असतो. मग तो जुलैभर कोणाच्या तरी मोटारसायकलवर तिसरा बसून येतो, नाहीतर येतच नाही. माझं म्हणणं असं की आमचा काढून त्याला देऊ नका, त्यालाही द्या. गाडी तर रिकामी असली तरी जाणारच आहे.

घरचं वेळापत्रक सांगायचं तर ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कडक आहे. नळ एक दिवसाआड येतो आणि कधी येईल ते फक्त नळालाच माहीत. माय पहाटे भाकरी टाकते, झाडझूड आणि भांडी माझ्याकडे. बाबा रात्रभर वावरात जागलीला असतात, कारण रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, तुरीवर तुटून पडतात. थंडीतही तिथं मचाणावरच बसावं लागतं. घरात चांगला मोबाइल एकच आणि तो बाबांबरोबर वावरात जातो. बॅटरी म्हणून उपयोगी पडतो, शेजारच्या वावरवाल्याला हाक द्यायला उपयोगी पडतो, आणि मोठ्या आवाजात गाणी लावली की डुकरं जरा बिचकतात. सकाळी सहा-साडेसहाला बाबा आणि मोबाइल दोघंही घरी येतात, दोघंही दमलेले. बाबा झोपतात. मोबाइल मी चार्जिंगला लावते आणि वायर जेमतेम पुरते तिथं ओट्यावर उभी राहून यूट्यूबवर वर्गसमीकरणं बघते. लाइट गेली तर सूत्र अर्ध्यावर.

यूट्यूबवर बघावं लागतं, कारण आमच्या शाळेत गणिताला सर नाहीत. होते, निवृत्त झाले. विज्ञानाचे सर त्यांच्या तासाला येतात, चांगले आहेत बिचारे, भूमितीतली प्रमेयं फळ्यावर सुंदर काढतात. पण सिद्धता विचारली की "पुस्तकात आहे, समजून घ्या" असं म्हणतात आणि खडू झटकतात. तो खडू झटकण्याचा आवाज आमच्या वर्गाला पाठ झाला आहे. तो आला की पुढे विचारायचं नाही.

जागा का भरत नाहीत, हे मी ऑफिसातल्या क्लार्कभाऊंना एकदा विचारलं. त्यांनी मला हसून घालवलं नाही, खुर्ची दिली आणि समजावलं. दरवर्षी संचमान्यता होते. शाळेच्या पटावर मुलं किती, त्यावरून शिक्षकांची पदं किती ते ठरतं. त्यात ज्यांचं आधार कार्ड ऑनलाइन जुळतं तीच मुलं धरली जातात. नावात फरक असेल, जन्मतारीख चुकली असेल तर ते मूल मोजणीत येत नाही. मला तेव्हा माझ्या बाकावरची मैत्रीण आठवली. तिच्या आधारवर जन्माचं साल चुकलेलं आहे. तिच्या बापानं दोनदा मजुरी पाडून तालुक्याला चकरा मारल्या, एकदा मशीन बंद होती, एकदा शाळेचा दाखला जुना निघाला. ती रोज माझ्या शेजारी बसते, माझ्या डब्यातलं लोणचं खाते, परिपाठात सुविचार सांगते. सरकारच्या हिशोबात मात्र ती बाक रिकामी. अशा दोन-चार बाका रिकाम्या निघाल्या की एक सर कमी होतात.

आणि गंमत म्हणजे गणिताचे सर आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहेत! गेटासमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ते चालवणारे दादा बी.एस्सी. बी.एड. आहेत, विषय गणित. 2023 ला त्यांनी शिक्षक भरतीची टेट दिली, 2025 ला पुन्हा दिली. ज्यावरून शिक्षकांची भरती होते त्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून बसले आहेत. लागले तर तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिन्याचं मानधन 18,000. तोवर ते आमच्या सरांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात, पीक विम्याचे फॉर्म भरतात, आणि संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत गणिताची शिकवणी घेतात. माझी गाडी साडेपाचला असते, म्हणून मला ती शिकवणी लावता येत नाही. मधल्या सुट्टीत एखादं गणित घेऊन गेले की काउंटरवरच, लॅमिनेशनच्या मशीनवर कागद ठेवून, ते मला सोडवून दाखवतात. गिऱ्हाईक थांबतं. एकदा एका आजोबांनी सातबारा हातात धरून माझं सगळं गणित ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तं मले बी समजलं बाप्पा."

पवित्र पोर्टलला मोठी माणसं शिव्या देतात, वर्षानुवर्षं भरती होत नाही म्हणतात. खरं आहे. पण त्याआधी संस्थांच्या शाळेत नोकरी कशी लागायची, तेही गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यापायी कोणाचं वावर विकलं गेलं तेही. म्हणून पोर्टल बंद करा असं मला वाटत नाही. भरती वेळेवर करा, इतकंच. जूनमध्ये निवृत्त होणारा माणूस जूनमध्ये निवृत्त होणार, हे खात्याला तो नोकरीला लागला त्या दिवसापासून माहीत असतं.

माझा धाकटा भाऊ सहावीत आहे, गावच्याच शाळेत. त्याचं शिक्षणाच्या राजकारणावर एकच मत आहे, ते म्हणजे अंडं. 2023 च्या नोव्हेंबरपासून शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचा पैसा थांबवला. द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. त्या आठवड्यात आमच्याकडचे महाराज दोन दिवस रुसून बसले होते. गणवेशाचंही तसंच. 2024 ला 'एक राज्य एक गणवेश' आलं, वरून ठरलं, उशिरानं आलं, आणि त्याच्या अंगात घातलं तेव्हा बाही कोपराखाली आणि खांदा दंडावर. त्यानं तो शर्ट घालून घरभर नाटकातल्या प्रधानासारखं चालून दाखवलं. पुढच्या वर्षी ती खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. आजी म्हणाली, "पोट्ट्याचं माप मुंबईवाल्याले कसं ठावं?" विरोधी पक्षाच्या भाषणापेक्षा मला ते बरं वाटलं.

त्या समितीचं एक सांगण्यासारखं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीत पालक जास्त असतात आणि विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधीही घेतात, त्यांना मत नसतं. सातवीत असताना मी त्यातली एक होते. सभा शाळेच्या व्हरांड्यात, सतरंजीवर. सगळ्यांना चहा, आम्हा दोघांना पार्ले बिस्किट. हजेरी रजिस्टरवर सही केली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. विषय संपत आले तसं मी उठून म्हणाले, मुलींच्या मुतारीला आतून कडी नाही, एक जण आत गेली की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं. सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, हे इतिवृत्तात घेऊ नका, ठराव घेतला की खर्च दाखवावा लागते, खर्च दाखवला की कोटेशन आणावं लागते. बाई खाली बघत होत्या. सभेत काहीच ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीतलाच एक पालक, वेल्डिंगचं काम करणारा, घरून कडी, दोन स्क्रू आणि पेचकस घेऊन आला आणि लावून गेला. ती कडी अजून आहे. इतिवृत्तात ती कधीच आली नाही.

मोठ्यांना मात्र मत असतं, आणि नुसतं मत नाही, आमदार असतात. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघांच्या, त्यातल्या नागपूर आणि अमरावती या दोन विदर्भातल्या. त्यातही मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. माझ्या भावाच्या शाळेतल्या बाई, ज्या पहिलीच्या लेकरांना हात धरून अक्षरं गिरवायला लावतात, त्यांना या निवडणुकीत मत नाही. घटनेतच तसं आहे, असं नागरिकशास्त्राच्या सरांनी सांगितलं. आणि ज्या जिल्हा परिषदेची ती शाळा आहे, तिथे 2022 साली मुदत संपल्यापासून निवडून आलेलं कोणी बसलेलं नाही, प्रशासक आहेत. कडीसाठी सदस्याकडे जावं म्हटलं तरी सदस्यच नाही.

गाडीतून उतरणाऱ्या सरांकडे यंदा मी जरा नीट बघायला लागले. सप्टेंबर 2025 च्या 1 तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास करावी लागेल. नाहीतर नोकरी जाते. त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्या गाडीत एक वेगळंच दृश्य होतं. माझ्या बाबांपेक्षा मोठे सर खिडकीशी बसून बालमानसशास्त्राचं गाइड वाचायचे. पेन्सिलीनं पर्यायांवर खुणा, मागे उत्तरं बघायची, चुकलं की जीभ चावायची. अगदी आमच्यासारखं! त्यांनी मला दुसरीत पाढे शिकवलेत. एकदा मी चढता चढता म्हणाले, "सर, पेपर कधी आहे?" ते म्हणाले, "तेवीस नोव्हेंबर. तुझ्यावाल्याच्या आधी माझावाला." पोरं हसली, तेही हसले. पण गाइड लगेच पिशवीत घातलं.

मला या निकालाबद्दल एकच एक मत करता आलेलं नाही. शिकवणाऱ्याला येतं की नाही हे बघितलंच पाहिजे, ते आमच्याशिवाय कोणाला जास्त कळणार. पण वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्याकडून मतदार याद्या, जनगणना, निवडणुका, खिचडीच्या तांदळाचा हिशोब, आधारची जुळणी असलं सगळं करून घेतलं, त्यांना आता म्हणायचं की बाळाच्या मानसिक वाढीचे टप्पे सांगा, हेही जरा जडच. 5 डिसेंबरला शिक्षकांनी याच कारणासाठी आणि संचमान्यतेच्या नव्या नियमांविरुद्ध राज्यभर शाळा बंद ठेवल्या. आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून आनंद झाला आणि विज्ञानाचं प्रॅक्टिकल बुडालं म्हणून रागही आला, दोन्ही एकाच दिवशी. संचमान्यतेबाबत मी त्यांच्या बाजूची आहे. 15 मार्च 2024 च्या जीआरप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे त्या वर्गांसाठी शिक्षकाचं पदच उरत नाही. माझ्या भावाचा वर्ग नेमका यातच बसतो. सहावी-सातवी मिळून वीस होतच नाहीत.

का होत नाहीत, हेही लिहायला पाहिजे. सकाळी सव्वानऊच्या आधी गावात एक पिवळी व्हॅन येते. ती कॉन्व्हेंटची. गावात ज्यांची थोडीफार ऐपत आहे त्यांची पोरं टाय लावून तिच्यात बसतात. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं काढलं, अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर निघाल्या, तेव्हा आमच्याही ग्रामसभेत 'शाळा वाचवा'चा ठराव झाला. ठराव मांडणाऱ्याची दोन्ही नातवंडं व्हॅनमध्ये जातात. बाबा मागून हळूच म्हणाले, "बोलते त् चांगला हा, पन पोट्टे कुठी हायेत याचे?" मी व्हॅनवाल्यांना नावं ठेवत नाही. आपलं मूल मागे राहू नये असं कोणालाही वाटतंच. पण शाळा बंद पडली तर व्हॅनवाल्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, आणि मजुरांच्या लेकरांचं, ज्यांना दुसऱ्या गावाला पायी जायला लागेल, नाला ओलांडून, पावसाळ्यात.

पोडावरून आठवलं. 2025 चा उन्हाळा टीव्हीवर सगळा हिंदीचाच होता. 16 एप्रिलला जीआर निघाला की पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, मग 17 जूनला दुसरा निघाला, त्यात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, मग 29 जूनला दोन्ही रद्द, वर एक समिती. 5 जुलैला वरळीत दोन ठाकरे भाऊ एका मंचावर आले, ते आमच्या पारावर मोबाइलवर बघायला एवढी गर्दी झाली की भजनाला सुद्धा होत नाही. जीआर रद्द झाला ते बरं झालं, असं माझं मत आहे. पहिलीतल्या पोरानं आधी एक भाषा तरी नीट वाचावी. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात आमच्या भागातली खरी भाषेची अडचण कोणाच्या तोंडून निघाली नाही. कोलाम पोडावरची लेकरं घरी कोलामी बोलतात. बंजारा तांड्यावरची गोरमाटी बोलतात. त्यांच्यासाठी मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा असते. आमच्या वर्गात पोडावरून येणारी एक मुलगी आहे, आता कविता आमच्यापेक्षा चांगली म्हणते. ती सांगते, पहिलीचं सगळं वर्ष तिनं खिडकीबाहेर बघत काढलं, कारण बाई काय म्हणतात तेच तिला कळत नव्हतं. 'बस' म्हटलं की सगळे बसले म्हणून ती बसायची, 'उठ' म्हटलं की सगळे उठले म्हणून उठायची. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही.

आणि एप्रिलचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात, 2025 ला बाकीच्यांच्या 16 जूनला, आमच्या 23 जूनला. एवढं वरच्यांना समजतं. पण त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा सगळीकडे एकाच वेळापत्रकानं 25 एप्रिलपर्यंत ठेवल्या. मी नववीत होते. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या घरात, आमच्या वर्गाला वर टिनं. साडेदहालाच टिनं तडतडायला लागायची, हाताचा घाम उत्तरपत्रिकेवर पडून शाई पसरायची, म्हणून आम्ही मनगटाखाली रुमाल ठेवून लिहायचो. परत जाताना गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. हे वेळापत्रक ज्यांनी काढलं त्यांचा पुण्यात पंखा चालत असणार.

दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो. कापूस फुटतो, वेचणीआधीची सीतादहीची पूजा होते आणि वेचणीला माणसं कमी पडतात. माझी माय मला शाळा बुडव म्हणत नाही, पण रविवारी मी जातेच. बाकीच्या कित्येक जणी आठवडाभर जातात. शाळेत मग 'अनियमित विद्यार्थी' अशी यादी लागते. यावर एक जुनी गोष्ट इतिहासाच्या सरांनी सांगितली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, हाताच्या कामातून शिकवायचं असं ठरलं, झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम केला, त्याला नई तालीम म्हणतात. वर्धा आमच्यापासून काही फार लांब नाही. ऐकून वर्गातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण आमच्या कार्यानुभवाच्या वहीत तेव्हा घोटीव कागदाची फुलं चिकटवलेली होती. जिच्या बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे आहेत, तिनं दुकानातून कागद आणून गुलाब करायचा आणि त्याला गुण! पण मला दुसऱ्या बाजूचंही फार कौतुक वाटत नाही. वेचणी म्हणजे शिक्षण असं म्हणणाऱ्यांनी दुपारपर्यंत कमरेला ओटी बांधून वाकून बघावं. किलोनं मोजून मजुरी मिळते तिथे कोणी प्रश्न विचारत नाही आणि कोणी उत्तर देत नाही. कापसाचं गणित कोणी शिकवायचंच असेल तर वावरात नको, वर्गात शिकवा. हमीभाव किती, व्यापाऱ्याचा भाव किती, ओलाव्याच्या नावानं किती कापले, क्विंटलमागे आमचे किती गेले. शेकडेवारीचा असा धडा असेल तर गणिताला सर नसले तरी आम्ही काढू.

आता बोर्ड फेब्रुवारीत आहे. त्यापुढचं घरात आतापासूनच सुरू झालं आहे. 2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले, फॉर्मवर दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे. माझ्या मावसबहिणीचा फॉर्म त्या झेरॉक्सवाल्या दादांनीच भरला होता. तिला सायन्स मिळालं, कॉलेजही बरं, पण प्रॅक्टिकल सुटतं तेव्हा तिच्या गावाची शेवटची गाडी निघून गेलेली असते. फॉर्ममध्ये टक्के होते, प्रवर्ग होता, माध्यम होतं. गाडीचा रकाना नव्हता. ती आता तालुक्याला खोली करून राहते, चार जणी मिळून, आणि तिचे बाबा दर महिन्याला भाड्यापुरतं उसनं काढतात.

बाबा म्हणतात, "आर्ट घे, गावची गाडी पुरते." माय काही म्हणत नाही, म्हणजे ती माझ्या बाजूची आहे. मला सायन्स घ्यायचं आहे आणि गणित सोडायचं नाही. परवा मी वहीच्या मागच्या पानावर आजूबाजूच्या कॉलेजांची यादी केली. प्रत्येकासमोर शेवटची गाडी किती वाजता ते लिहिलं, आणि त्यापुढे एक रकाना ठेवला, 'गणिताला कायम सर आहेत का'. तो रिकामा आहे. झेरॉक्सवाल्या दादांना दाखवलं तर ते पोट धरून हसले. "कॉलेजले फोन करून असं कोनी इचारते का व?"

मी म्हटलं, मी विचारणार आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधून मला तीन कॉलेजांचे नंबर दिले. चौथ्याचा लागला नाही. कागदाच्या खाली त्यांनी स्वतःचाही नंबर लिहिला आणि म्हणाले, "जागा खाली निघाली त् मलेबी सांगजो."